गाणे बाळासाठी की बाळंतिणीसाठी?

घरात नवा पाहुणा येणार, ही बातमी कळली की हल्ली पेढ्यांच्या पाठोपाठ एक सल्लाही येतो. रोज अमुक राग ऐक, तमुक स्तोत्र लाव, बाळ हुशार होईल. यासाठी आधी कॅसेट आणावी लागे, मग सीडी आली आणि आता मोबाइलवर हवे तेवढे ‘गर्भसंगीत’ सापडते. पोटाला लावायचे छोटे स्पीकरही बाजारात मिळतात. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. मात्र या सगळ्यात एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. जिच्या पोटात ते बाळ आहे, तिला काय ऐकावेसे वाटते?

गरोदरपण, बाळंतपण आणि संगीत यांचे नाते फार जुने आहे. त्या नात्याचा इतिहास पाहिला की एक गोष्ट ध्यानात येते. शेकडो वर्षे हे गाणे मुख्यतः आईसाठी होते. ते बाळाच्या बुद्धीसाठी आहे, ही समजूत या रूपात अगदी अलीकडची, फार तर तीस-चाळीस वर्षांची आहे.

आपल्याकडचा एक फार जुना उल्लेख गृह्यसूत्रांत सापडतो. सोळा संस्कारांपैकी सीमंतोन्नयन हा गर्भवतीचा संस्कार. पती पत्नीच्या केसांचा भांग पाडतो, आणि त्यासाठी पांढरे पट्टे असलेला साळिंदराचा काटा आणि उंबराच्या कच्च्या फळांचा घोस वापरतो. आश्वलायन गृह्यसूत्रात याच प्रसंगी दोन वीणावादकांना सोमराजाची गाथा गायला सांगावे, असे म्हटले आहे. ज्या नदीकाठी ते कुटुंब राहते, त्या नदीचे नावही तेव्हा घ्यायचे. गर्भवतीसमोर वीणा वाजते आहे, गाण्यात आपल्या ओळखीच्या नदीचे नाव येते आहे, असा तो प्रसंग.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात तर सूतिकागृहाचे सविस्तर वर्णन आहे. प्रसूतीच्या वेळी स्त्रीजवळ कोणी असावे? ज्यांची स्वतःची अनेक बाळंतपणे झाली आहेत, ज्या मायाळू, आनंदी आणि कष्ट सोसणाऱ्या आहेत, अशा स्त्रिया. त्यांनी गोड बोलून तिला धीर द्यावा. बाळ जन्मल्यावर दहा-बारा रात्री या स्त्रियांनी आणि आप्तांनी जागावे, आणि ते घर दानधर्म, आशीर्वाद, गाणे-बजावणे, खाणेपिणे आणि जीव लावणारी आनंदी माणसे यांनी भरलेले असावे, असे चरक सांगतात. यात बाळाच्या रक्षणाचा विचार आहेच. पण बाळंतिणीला एकटे सोडू नये, तिच्या कानावर चांगले पडावे, हाही आहे.

‘डोहाळे’ हा आपला शब्दही याच विचारातून आलेला. चौथ्या महिन्यापासून गर्भवतीला दोन हृदये असतात, एक तिचे आणि एक बाळाचे, म्हणून ती दौहृदिनी, असे सुश्रुतसंहिता म्हणते. तिच्या इच्छा पुरवाव्यात, असा सुश्रुताचा आग्रह आहे. यात जिभेबरोबर कान आणि डोळेही आले.

‘मग अभिमन्यूचे काय?’ असे कुणी विचारील. गर्भात ऐकून शिकण्याच्या कथा आपल्याकडे आहेतच. वनपर्वातला अष्टावक्र पोटातूनच वडिलांच्या पठणातली चूक काढतो. भागवतात कयाधूच्या पोटातला प्रल्हाद नारदाचा उपदेश ऐकतो. अभिमन्यूची कथा सर्वांत लोकप्रिय. पण महाभारताच्या द्रोणपर्वात अभिमन्यू स्वतः एवढेच सांगतो की, चक्रव्यूहात शिरण्याची रीत मला वडिलांनी शिकवली, बाहेर पडण्याची नाही. सुभद्रेला ऐकता ऐकता झोप लागली, ही गोष्ट नंतरच्या सांगण्या-ऐकण्यातून घरोघर पोचली. या असामान्य पुरुषांच्या कथा. रोजच्या घरात गर्भवतीच्या कानावर पडत होते ते निराळेच.

ते होते ओव्या, डोहाळे आणि पाळणे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद आहे. म्हणजे किमान नऊशे वर्षे तरी आपल्या बायका उखळाशी आणि जात्याशी गात आल्या. ओवीची लय त्या कामातूनच येते. जात्याचा खुंटा ओढताना श्वास कुठे घ्यायचा आणि कुठे सोडायचा, हे ओळ ठरवते. पहाटे घर झोपलेले असे आणि घरघरीत सूनबाईचे शब्द सासूच्या कानावर धड पडत नसत. माहेरची आठवण, नवऱ्याचा राग, पोटातल्या बाळाची काळजी हे सारे तिथे मोकळे होई.

साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये अशा ओव्या गोळा केल्या. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून स्त्रीगीतांचे मोठे भांडार छापून आणले. पुढे गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. हजारांहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या आज त्या संग्रहात आहेत. गरोदरपण, बाळंतपण, लेकरू, माहेर यांवर त्यांत शेकडो बायका बोलतात.

डोहाळे जेवणाची गाणी बहुधा महिन्यांच्या हिशेबाने पुढे सरकतात. पहिल्या महिन्यात काय वाटते, तिसऱ्यात काय नकोसे होते, सातव्यात ओटी कशी भरतात. पहिलटकरणीसाठी ही एका अर्थी माहितीच होती. पुढे काय होणार आहे आणि ते साऱ्याजणींचे झाले आहे, हे तिला गाण्यातून कळे. पाचवीच्या रात्री सटवाईची पूजा करून बायका जागत, गात. बाराव्या दिवशी बारसे होई. त्याचे पाळणेही अनेकदा पहिला दिवस, दुसरा दिवस असे मोजत जातात. ओल्या बाळंतिणीचे सर्वांत नाजूक दिवस गाण्यांनी असे बांधून काढलेले होते.

आता याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हा काळ सुखाचा होता, असा याचा अर्थ नव्हे. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार त्या वेळी देशात दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे वीस माता दगावत होत्या, वर्षाला जवळजवळ दोन लाख. गाणे रक्तस्राव थांबवू शकत नव्हते, सुईणीच्या हातून होणारा जंतुसंसर्ग टाळू शकत नव्हते. शिवाय या गाण्यांत मुलग्याची आस ठायी ठायी आहे. राम, कृष्ण, शिवबा यांचे पाळणे घराघरात म्हटले गेले. लेकीच्याही ओव्या आहेत आणि त्या फार जिव्हाळ्याच्या आहेत, पण मुलगी झाल्यावर गप्प झालेली घरेही होतीच.

बदलाची सुरुवात म्हणून १८८६ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी मुंबईत स्त्रिया आणि मुलांसाठीचे कामा रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. जुन्या ग्रंथांतले ज्ञान आणि नवे वैद्यक या दोन्हींकडे एकाच नजरेने पाहणारी ती पहिली मराठी स्त्री डॉक्टर दुसऱ्याच वर्षी वारली आणि तो संवाद तिथेच खुंटला.

पुढे बाळंतपण हळूहळू घरातून दवाखान्यात गेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहा. १९९२-९३ मध्ये महाराष्ट्रात निम्म्याहून कमी बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण सुमारे ९५ टक्क्यांवर गेले. २०१८-२० या काळात राज्यातले मातामृत्यूचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ इतके खाली आले होते. हजारात वीसवरून लाखात तेहतीस! यात रक्त, प्रतिजैविके, भूल आणि शस्त्रक्रिया यांचा मोठा वाटा आहे. त्याबद्दल कुणाच्याही मनात शंका असू नये.

या वाटेवर गाणे मात्र मागे पडले. प्रसूतिकक्षात नातेवाइकांना मज्जाव असे. पाचवीच्या दिवशी बाळंतीण दवाखान्याच्या खाटेवर असे. गावागावांत पिठाची गिरणी आली, बायकांच्या खांद्यावरचे ओझे उतरले आणि ओवीची जागाही गेली. कुणी ती मुद्दाम मोडली नाही. जीव वाचवण्याच्या आणि श्रम हलके करण्याच्या धडपडीत ती नकळत सुटली.

गंमत अशी की, ज्या पाश्चात्त्य वैद्यकातून हा दवाखाना आला, त्याला त्याच सुमारास संगीताची आठवण होऊ लागली होती. १९१४ मध्ये अमेरिकेतल्या इव्हान केन या शल्यविशारदाने शस्त्रक्रियेच्या खोलीत फोनोग्राफ लावल्याचा अनुभव तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात कळवला. रुग्णाची भीती कमी होते, असे त्याचे म्हणणे. १९३३ मध्ये ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरने मांडले की, भीतीने अंग आखडते, आखडल्याने वेदना वाढते आणि वेदनेने पुन्हा भीती वाढते. हे चक्र तोडायचे तर आधी भीती कमी करा. १९५२ च्या सुमारास पॅरिसमध्ये फर्नांड लामाझ यांनी श्वासाच्या लयीवर आधारलेली पद्धत रूढ केली. १९६४ मध्ये अमेरिकेत कळा देणाऱ्या स्त्रियांच्या कानाला यंत्र लावून सततचा एकसुरी आवाज ऐकवण्याचा प्रयोगही प्रसिद्ध झाला. हे सारे प्रयत्न आईसाठी होते, हे इथे नोंदवून ठेवू.

मग नजर बाळाकडे कधी वळली? १९८० मध्ये अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन दिवसांच्या आतली बाळे एक विशिष्ट बोंडशी चोखत. चोखण्याचा वेग बदलला की कधी आईचा, कधी दुसऱ्या बाईचा आवाज ऐकू येई. बाळांनी आपला वेग असा ठेवला की आईचा आवाज जास्त ऐकू यावा. १९८६ मध्ये डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स यांनी गर्भवतींना शेवटचे सहा आठवडे एकच गोष्ट रोज दोनदा मोठ्याने वाचायला सांगितली. जन्मानंतर त्या बाळांनी तीच गोष्ट पसंत केली. १९८८ मध्ये बेलफास्टचे पीटर हेपर यांनी तर एका दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकसंगीत तपासले. ज्या आयांनी गरोदरपणी ती मालिका नेमाने पाहिली होती, त्यांची बाळे ते सूर ऐकताच शांत आणि सावध होत.

या प्रयोगांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. गर्भाला शेवटच्या तीन महिन्यांत ऐकू येते आणि ऐकलेले ओळखूही येते. पण जे ओळखीचे झाले, ते आईच्या आयुष्यातलेच होते. तिचा आवाज, तिचे वाचन, तिची मालिका. बाहेरचे आवाज पोटाची भिंत आणि पाणी ओलांडताना पुसट होतात, वरच्या पट्टीचे स्वर तर अधिकच. आईचा आवाज मात्र तिच्या हाडामांसातून थेट आत पोचतो. बाळासाठी सर्वांत जवळचे वाद्य तेच.

बाजाराने मात्र निराळाच अर्थ लावला. त्याचे निमित्त १९९३ चे. ‘नेचर’मध्ये फ्रान्सिस रॉशर आणि सहकाऱ्यांचा पानभराचा लेख आला. महाविद्यालयातल्या छत्तीस विद्यार्थ्यांनी मोझार्टची दोन पियानोंची एक रचना दहा मिनिटे ऐकली आणि आकृत्यांच्या काही कोड्यांत त्यांना थोडे जास्त गुण मिळाले. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटेच टिकला. या प्रयोगात ना गर्भवती होती, ना बाळ. तरीही ‘मोझार्टने बुद्धी वाढते’ ही हाकाटी जगभर झाली. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बालकाला अशा संगीताची प्रत देण्यासाठी एक लाख पाच हजार डॉलर मागितले. १९९९ मध्ये ‘नेचर’मध्येच आक्षेप छापून आले. २०१० मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे चाळीस अभ्यास आणि तीन हजारांहून अधिक माणसांची माहिती एकत्र तपासली. मोझार्टमध्ये बुद्धी वाढवणारे खास काही त्यांना सापडले नाही. पण तोवर ही समजूत घरोघर रुजली होती. आपल्याकडे मोझार्टच्या जागी राग, मंत्र आणि अभिमन्यू आले, एवढाच फरक.

यात बिघडले काय, असे वाटेल. संगीत ऐकल्याने कुणाचे नुकसान होत नाही, हे खरे. पण जे गाणे आईला आधार म्हणून होते, ते आता तिचे कर्तव्य झाले. रोज अमुक वेळ ऐकलेच पाहिजे, मन प्रसन्न ठेवलेच पाहिजे. उद्या मूल अशक्त निघाले, उशिरा बोलू लागले, तर ‘तू नऊ महिने काय ऐकलेस?’ हा प्रश्न तिलाच विचारला जाणार. ओवी गाणारीला दुःख सांगायची मुभा होती. गर्भसंगीत ऐकणारीने मात्र दुःखी व्हायचेच नाही, अशी अपेक्षा असते.

हे दुःख काल्पनिक नाही. २००२ मध्ये विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातला एक अभ्यास प्रसिद्ध केला. २७० मातांना गरोदरपणापासून भेटत, कोकणी प्रश्नावली वापरून तो केला होता. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांपैकी २३ टक्के स्त्रिया नैराश्याने ग्रासलेल्या होत्या, म्हणजे जवळजवळ चौघींतली एक. कारणांत गरिबी होती, नवऱ्याशी बिनसलेले संबंध होते आणि मुलगी झाली हेही होते. अशी बाळंतीण गप्प असते, बाळाकडे बघत नाही, रडत राहते. घरचे म्हणतात, ‘आता सगळे छान झाले, मग रडतेस कशाला?’

संशोधनाची दिशा आता पुन्हा तिच्याकडे वळते आहे. २००८ मध्ये तैवानच्या संशोधकांनी २३६ गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी दोन आठवडे रोज अर्धा तास संगीत ऐकले, त्यांचा ताण, चिंता आणि उदासी कमी झाली. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या रुग्णालयात कार्नेगी हॉलने एक उपक्रम सुरू केला. त्यात अडचणीतल्या आया संगीतकारांच्या मदतीने आपल्या बाळासाठी स्वतःची अंगाई रचतात. २०१३ मध्ये जोआन लोवी आणि सहकाऱ्यांनी अकरा रुग्णालयांतल्या २७२ अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरचा अभ्यास छापला. आई-वडिलांना प्रिय असलेले गाणे अंगाईच्या लयीत, जिवंत आवाजात म्हटले, तेव्हा बाळांच्या हृदयाची गती, चोखणे आणि झोप यांवर चांगला परिणाम दिसला. आई-वडिलांची धास्तीही उतरली.

२०१८ मधला लंडनचा अभ्यास तर आपल्या पाचवीची आठवण करून देतो. बाळंतपणानंतर नैराश्याची लक्षणे असलेल्या १३४ मातांचे तीन गट केले. एका गटाने दहा आठवडे आपल्या बाळांना घेऊन एकत्र गाणी म्हटली, दुसऱ्याने एकत्र खेळ केले, तिसऱ्याला नेहमीचेच उपचार मिळाले. कालांतराने तिन्ही गट सुधारले. पण ज्यांचा त्रास मध्यम ते तीव्र होता, त्यांच्यातल्या गाणाऱ्या बायका लवकर सावरल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने पुढे हा उपक्रम इटली, डेन्मार्क आणि रोमानियात करून पाहिला.

दवाखान्याचे दारही थोडे उघडले आहे. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी नात्यातली एखादी स्त्री, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली, सोबत राहू द्यावी, अशा सूचना केंद्र सरकारने २०१६ मध्ये दिल्या. चरकांनी सूतिकागृहात बसवलेली बाई ती हीच.

संगीताच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. कळांच्या वेदनेवर संगीताने किती फरक पडतो, याचा पुरावा अजून पक्का नाही. वाढलेला रक्तदाब, रक्तस्राव, ताप यांवर गाणे हा उपाय नाही. नैराश्य दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळले, जीव नकोसा वाटू लागला, तर डॉक्टरच गाठावा. १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावरही मदत मिळते. पोटावर स्पीकर लावण्याची तर काहीच गरज नाही.

मग घरच्यांनी काय करावे? तिला विचारावे, काय ऐकायला आवडेल? भीमसेन जोशी आवडत असतील तर ते, लता मंगेशकर आवडत असतील तर त्या, लावणी आवडत असेल तर लावणी. काहीच नको असेल तर शांतता. आजी-आत्यांना जुने डोहाळे, पाळणे येत असतील तर ते म्हणावेत आणि लिहूनही ठेवावेत. त्यांत मुलग्याच्या जागी मुलीचे नाव घालायला कुणाची हरकत नाही. ओवी कायमच गाणारीच्या तोंडी बदलत आली आहे. बाळंतिणीला स्वतःला गुणगुणावेसे वाटले, तर सुराची पर्वा करू नये. बाळाला तो आवाज जन्माआधीपासून माहीत आहे. आणि तिला एखाद्या दिवशी गाण्याऐवजी रडावेसे वाटले, तर तिच्याजवळ बसणारे कुणीतरी घरात असावे.